तिसरं गाणं

दुपारी चार वाजता शेवटचा फॉर्म मशीनवर चढणार होता, आणि सकाळी साडेनऊला माझ्या टेबलावर जे प्रूफ येऊन पडलं त्याच्या सातव्या पानावर माझ्या वडिलांना दारुडा म्हटलं होतं.

नाव नव्हतं. 'गेट नंबर तीनचा रखवालदार' एवढंच होतं. पण त्या दिवशी तीन नंबरच्या गेटवर रखवालदार एकच होता, आणि तो सध्या माझ्या घरी पुढच्या खोलीत बसून वाटाणे सोलतो, रेडिओवरच्या बातम्यांना नावं ठेवतो आणि मला यायला दहा मिनिटं उशीर झाला की दारात येऊन उभा राहतो.

मी या छापखान्यात बावीस वर्षं मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका काढणं हा माझा धंदा आणि, घरचे म्हणतात त्याप्रमाणे, माझा छंदही. साध्या औषधाच्या बाटलीवर वेलांटी चुकलेली दिसली तरी मला औषध लागू पडत नाही. या पुस्तकाचं काम समोर आलं तेव्हाच खरं तर 'मला नको' म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. कुतूहल, दुसरं काय.

पुस्तक आठवणींचं होतं. चार जणांचा एक जुना रॉक बँड. चाहते त्यांना नुसतं 'चौघे' म्हणतात. हे चौघे छत्तीस वर्षांपूर्वी आमच्या मैदानावर एकदाच वाजवून गेले. वर्षभरात त्यांचं आपसात फाटलं आणि पुन्हा कोणी कोणाचं तोंड पाहिलं नाही. त्या एका संध्याकाळवर इथले त्यांचे चाहते आजतागायत जगतात. त्रेचाळीस जणांनी आपापली आठवण लिहून दिली होती. ती सगळी गोळा करणारे गृहस्थ म्हणजे चाहता मंडळाचे अध्यक्ष. वय साठीच्या पुढे, केसांची पांढरी शेपटी, आणि बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार होणार हे ठरलेलं.

आठवणींचे फॉर्म गेल्या आठवड्यातच छापून झाले होते, कोपऱ्यात थप्प्या लागल्या होत्या. पहिला फॉर्म, म्हणजे पहिली सोळा पानं, आम्ही नेहमी शेवटी छापतो, कारण त्यात प्रस्तावना असते आणि प्रस्तावना लिहिणारे नेहमी शेवटी लिहितात. अध्यक्षांनी ती काल संध्याकाळी दिली. रविवारी सगळे चाहते जमणार, पुस्तक हातात हवं, म्हणून आज चार वाजता मशीन.

सातवं पान मी पुन्हा वाचलं. "कार्यक्रम संपत आला होता. अंधारात शेवटचं गाणं सुरू होतं. गेट नंबर तीनचा दारुडा रखवालदार कुलूप घालून कुठेतरी पडला होता. लोक बाहेर पडायला लागले आणि बंद गेटाशी चेंगराचेंगरी झाली. तेवीस जण जखमी झाले. एका माणसाच्या बेपर्वाईने त्या सुंदर संध्याकाळला गालबोट लागलं."

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. एरवी अध्यक्ष चार ओळींत सहा चुका करतात.

माझे वडील दारूला कधी शिवलेले नाहीत. खोकल्याच्या औषधाचासुद्धा वास घेऊन बाटली परत ठेवणारा माणूस. त्या घटनेनंतर त्यांची मैदानावरची नोकरी गेली. दोन वर्षं काहीच नव्हतं, मग शीतगृहात खोकी उचलायचं काम मिळालं. रखवालीवर त्यांना पुन्हा कोणी ठेवलं नाही. त्या दिवसाबद्दल ते एकदाच बोलले. आईने विचारलं होतं आणि अकरा वर्षांची मी दाराआड उभी होते. "मी गेट सोडलं नव्हतं," एवढंच म्हणाले. मला ते पुरलं. त्या एका वाक्याच्या जोरावर मी शाळेत एकीच्या झिंज्या उपटल्या, कॉलेजात एक चांगली मैत्री तोडली, आणि माझं लग्न ठरताना होणाऱ्या सासऱ्यांनी सहज 'मैदानावरचे ते तुमचेच वडील का' असं विचारलं तेव्हा अशी फाडकन बोलले की लग्न मोडता मोडता राहिलं. चौघांचं गाणं आमच्या घरात कधी लागलं नाही. रेडिओवर चुकून लागलं तर बाबा उठून बटण फिरवायचे. मला ते बरोबरच वाटायचं. ज्यांच्यापायी नोकरी गेली त्यांचं कौतुक कोण ऐकणार?

या पुस्तकाची कुणकुण त्यांना पंधरा दिवसांपूर्वी लागली. मीच बोलून गेले. तेव्हापासून रोज संध्याकाळी, मान वर न करता, एकच प्रश्न: "त्या पुस्तकात तीन नंबरचं काही आलंय का गं?" रोज मी नाही म्हणायचे. नव्हतंही तसं काही. आठ जणांनी 'गेट बंद होतं, गोंधळ झाला' एवढं लिहिलं होतं. दारूचं कोणीच लिहिलं नव्हतं. आता रविवारी ते छापून येणार, आणि सोमवारपर्यंत कोणीतरी भला माणूस त्यांना वाचून दाखवणार. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने त्यावर काय करायचं?

मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते. तो शब्द गुपचूप खोडावा आणि गप्प बसावं. पण मुद्रितशोधकाने मजकूर बदलायचा नसतो, शंका काढायची असते. आणि शंका काढायची तर हातात काहीतरी हवं. माझ्या हातात दाराआडून ऐकलेलं एक वाक्य होतं.

मग मी नववं पान उलटलं. तिथे त्या वेळच्या वर्तमानपत्राचं कात्रण छापायचं होतं. "सायंकाळी साडेपाचच्या सुमारास गेट क्रमांक तीनपाशी..."

साडेपाच. शेजारच्या पानावर तिकिटाचं चित्र होतं. कार्यक्रमाची वेळ: पाच. अर्ध्या तासात कार्यक्रम संपत कसा आला? आणि साडेपाचला अंधार कुठून आला?

मी उठून थप्प्यांकडे गेले आणि एकेक आठवण चाळायला लागले. मशीनमन शाई पुसत होता. "काय शोधताय ताई?"

"चूक."

"मिळाली?"

"मिळतेय."

चौघांचं एक अकरा मिनिटांचं गाणं आहे, चाहते त्याला लाडाने 'लांबडं' म्हणतात. गेटाचं लिहिणाऱ्या आठही जणांनी म्हटलं होतं की गोंधळ झाला तो लांबडं चालू असताना. आणि एकोणीस जणांनी लिहिलं होतं की लांबडं सगळ्यात शेवटी झालं आणि अंधारात मैदानभर काडेपेट्या पेटल्या. वर्णनं फार सुंदर होती. एकाने तर स्वतःच्या भाजलेल्या अंगठ्यावर अर्धं पान खर्च केलं होतं. वेगळं लिहिणारी आठवण एकच, सत्ताविसावी, एका शिवणशिक्षिकेची. "लांबडं सुरू झालं तेव्हा ऊन थेट स्टेजवर येत होतं. गाणाऱ्याने ड्रमवाल्याचा टॉवेल उचलून डोक्यावर घेतला आणि तसाच गायला लागला. आम्हाला हसू आवरेना." मी तेव्हा समासात शंका काढली होती, 'शेवटच्या गाण्याला ऊन?' अध्यक्षांनी खाली लिहिलं होतं, 'बाईंचा घोटाळा झालाय. असू द्या.'

घोटाळा बाईंचा नव्हता. एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली आहे. वीस माणसं वीस चुका करतात. तीच एक चूक वीस जण करतात तेव्हा त्यांनी ती एकाच ठिकाणाहून उतरवलेली असते.

मी अध्यक्षांना फोन लावला. "येताना त्या दिवशीच्या गाण्यांची यादी आणा."

"यादी कशाला? मला तोंडपाठ आहे."

"तोंडात नको. कागदावर हवी."

ते साडेअकराला आले. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत एक जुनी वही. त्या संध्याकाळी त्यांनी सगळा कार्यक्रम एका छोट्या रेकॉर्डरवर टिपला होता, आणि प्रत्येक गाणं सुरू झालं की वहीत पेन्सिलीने नाव लिहिलं होतं. वही त्यांनी बहुधा कित्येक वर्षांत उघडली नसावी, पानं एकमेकांना चिकटली होती. मी ती सावकाश सुटी केली आणि यादीवर बोट ठेवलं. पहिलं, दुसरं. तिसऱ्या ओळीवर लिहिलं होतं: लांबडं.

"हे काय?" अध्यक्ष म्हणाले.

"तुमचं अक्षर."

ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "कॅसेट."

"कोणती कॅसेट?"

"साठ मिनिटांची. मित्रांसाठी कॉप्या काढल्या होत्या मी. लांबडं पहिल्या बाजूला ठेवलं की बाजू संपताना पुढचं एक गाणं मध्येच तुटायचं. म्हणून ते उचललं आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटी टाकलं. दोनशे कॉप्या काढल्या, बाई. त्यांच्यावरून लोकांनी आणखी काढल्या. मग आम्ही सगळ्यांनी छत्तीस वर्षं तेच ऐकलं." त्यांनी चष्मा काढला. "पण काडेपेटी मी पेटवली होती. मला दिसतंय अजून."

"साडेपाचला? उन्हात?"

त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं, पण थांबण्याइतकं नाही. "आणि तो दारुडा?" मी विचारलं. "तो कॅसेटच्या कुठल्या बाजूला आहे?"

"सगळेच म्हणतात ते."

"त्रेचाळीस जणांनी लिहिलंय, एकानेही म्हटलेलं नाही. तुम्ही पाहिलं होतं?"

"मी स्टेजसमोर, रेकॉर्डर डोक्यावर धरून उभा. गेट कुठे, मी कुठे." मग खाली बघत म्हणाले, "काढा तो शब्द. काढाच."

इथे मी थांबायला हवं होतं. शब्द गेला होता, मला हवं होतं ते मिळालं होतं. पण जिंकायची चटक लागली की माणूस थांबत नाही. मला बाबांचं वाक्य छापून हवं होतं. म्हटलं, नुसता शब्द काढून भागणार नाही, खरं काय झालं ते लिहायला नको का? अध्यक्ष म्हणाले, "मग शिवणाच्या बाईंना विचारा. ऊन एकट्या त्यांनाच आठवतंय." लेखकांच्या यादीत नंबर होता. अध्यक्ष समोर बसलेले असतानाच मी फोन फिरवला.

"छापखान्यातून बोलतेय. तुमच्या आठवणीबद्दल जरा विचारायचं होतं."

"ऊन होतं," बाई लगेच म्हणाल्या. "तुमचे अध्यक्ष दोनदा फोन करून मला सांगून झाले, अंधार होता म्हणून. ऊन होतं."

"ते पटलंय आता. तुम्ही कुठे उभ्या होता?"

"तीन नंबरच्या आत. गेटापासून पंधरा-वीस पावलांवर. धाकटी बहीण मागच्या बसने येणार होती, तिला मी सापडावं म्हणून."

"मग गेटवरचा रखवालदार तुम्ही पाहिला असेल."

"पाहिला तर."

"तो प्यायलेला होता का?"

"छे! कोण म्हणतं? माझ्या शेजारीच तर उभा होता."

"शेजारी म्हणजे... गेटाशी."

"नाही हो. आत, माझ्या शेजारी. टोपी हातात घेऊन. मला विचारलंन, 'हेच का ते मोठं गाणं?' म्हटलं, हो. सगळं पाठ होतं त्याला, ओठ हलत होते. दंडावर तीनचा पट्टा होता म्हणून लक्षात राहिला. किल्ली बोटाला अडकवलेली."

अध्यक्ष समोरून भुवया उंचावून विचारत होते, काय, काय? मी हात वर करून त्यांना थांबवलं.

"पुढे?" मी म्हटलं.

"पुढे काय, गाणं संपलं, टाळ्या ओसरल्या आणि मागचा आरडाओरडा कानावर आला. उशिराच्या दोन बस एकदम आल्या होत्या. सगळे तिकीटवाले, गेटाला कुलूप, आणि आत गाणं चाललेलं. मागचे पुढच्यांना रेटत होते. तो पळाला. घाईत किल्ली त्याच्या हातून दोनदा खाली पडली. गेट उघडलं तसे पुढचे सगळे आडवे झाले. माझी बहीण सगळ्यांच्या खाली. खुबा गेला तिचा. अजून काठी घेऊन चालते."

मी विचारलं, "तुम्ही हे लिहिलं का नाहीत?"

"त्याची मुलंबाळं असतील ना कुठेतरी," बाई म्हणाल्या. "आणि खरं सांगू? बस आली असणार, हे मला माहीत होतं. घड्याळ बघितलं होतं मी. तरी म्हटलं, एवढं गाणं होऊ दे, मग बघते. मी कोणत्या तोंडाने लिहू?"

मी आभार मानले आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" अध्यक्षांनी विचारलं.

"ऊन होतं म्हणाल्या."

"आणि रखवालदार?"

"प्यायलेला नव्हता."

दोन्ही खरं होतं. मग त्यांनी तिसरा प्रश्न विचारला. "मग गेटवर होता?"

मी हो म्हटलं.

त्यांनी सुस्कारा सोडला. "बिचारा. आणि मी काय लिहून ठेवलं होतं. तुम्हीच दुरुस्त करा बाई, तुमची भाषा चांगली आहे." मी पेन्सिल घेतली, ते चार ओळींचं सगळं खोडलं आणि वेळ, ऊन, उशिराच्या बस असं सगळं नीट लिहून शेवटी लिहिलं: 'रखवालदाराने आपली जागा सोडली नव्हती.' बावीस वर्षांत दुसऱ्याच्या मजकुरात मी स्वतःचं एक अक्षर घातलेलं नाही. हे वाक्य मात्र एकटाकी उतरलं, काना-मात्रा सगळं जागच्या जागी. कॉम्प्युटरवरच्या बाईंनी नवीन प्रूफ काढून दिलं. अध्यक्षांनी प्रत्येक पानावर सही केली. दोन वाजले होते.

"मी जरा घरी जाऊन येते," मी म्हटलं. मशीनमन म्हणाला, "ताई, छपाईची प्लेट बनवायला पानं साडेतीनपर्यंत सोडा, नाहीतर चार चुकले." मी प्रूफ पिशवीत घातलं. घर दहा मिनिटांवर आहे. मी कशासाठी जातेय हे मला चालताना धड सांगता आलं नसतं. मला राग आला होता. त्या बाईंचा नाही, अध्यक्षांचाही नाही. ते वाक्य बाबांनी माझ्या तोंडावर पुन्हा एकदा म्हणावं, आणि म्हणताना माझ्याकडे बघावं, एवढंच मला हवं होतं.

बाबा पुढच्या खोलीत होते. मांडीवर ताट, ताटात वाटाणे. मला दुपारी घरी बघून त्यांचा हात थांबला. "काय गं? बरं नाही का?"

"पुस्तकात तीन नंबरचं आलंय," मी उभ्यानेच म्हटलं.

त्यांनी ताट खाली ठेवलं. मी प्रूफ काढलं आणि वाचलं, खणखणीत आवाजात, शेवटच्या वाक्यासकट. रखवालदाराने आपली जागा सोडली नव्हती.

"हे कोणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"मी. पण म्हणालात तुम्ही. आईला. मी दाराआड होते."

त्यांनी शेंगांची सालं बोटाने एका बाजूला सारली. भिंतीवरचं घड्याळ सव्वादोन दाखवत होतं. मी बसले नाही. बसले असते तर कदाचित मी त्यांचा हात धरला असता, आणि मला तो धरायचा नव्हता.

"ते छापू नकोस," ते म्हणाले.

"का? खरं नाही?"

"तुला कळलंय, म्हणून तर भर दुपारी आलीस."

मग मला राहवलं नाही. मी ओरडले. म्हटलं, एकीच्या झिंज्या उपटल्या मी तुमच्यासाठी. अकरा वर्षांची होते. मैत्री तोडली, सासऱ्यांना टाकून बोलले, आज छापायच्या पुस्तकात खोटं घातलं. छत्तीस वर्षं मी कशासाठी भांडत होते? एका गाण्यासाठी?

"हो," बाबा म्हणाले. "एका गाण्यासाठी."

त्यांनी ते इतकं साधेपणाने म्हटलं की मी खुर्ची ओढून बसले.

"कॅन्टीनमध्ये रेकॉर्ड होती त्यांची," ते म्हणाले. "महिनाभर रोज ऐकायचो, जेवायच्या सुट्टीत. पाठ झालं होतं. आणि ते स्वतः येणार, माझ्याच मैदानावर. हजारो लोकांना मी तिकीट फाडून आत सोडलं, आणि मला गेट सोडून आत जायचा हुकूम नाही. पहिली दोन गाणी गेटवरून ऐकली. नुसता धडधडाट यायचा, शब्द यायचे नाहीत. मग तिसरं सुरू झालं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. म्हटलं, अकरा मिनिटं. अकरा मिनिटांत काय होतंय? कुलूप घातलं आणि गेलो."

"तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही? लोक गेट ठोकत होते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला जे हवं होतं तसं, थेट. "आलं ना. गाण्याच्या मध्यावर लोखंडावर ठोकल्यासारखा आवाज यायला लागला. मला वाटलं, ड्रमच आहेत. रेकॉर्डवर असं नव्हतं, इथे नवीन घातलंय. मनात म्हटलं, काय छान वाजवतोय."

मला रडू आलं. त्यांना नाही आलं. ते सांगत राहिले, जणू एकदा थांबले तर पुन्हा सुरू होणार नाही. "आणि खरंच छान होतं गं. तेच तर. वाईट असतं तर विसरलो असतो. एवढं सुंदर मी पुन्हा काही ऐकलं नाही. ते आठवलं की गेटाशी पडलेली ती पोरं आठवतात, आणि पोरं आठवली की ते गाणं. वेगळं करताच येत नाही. म्हणून बटण फिरवायचो."

"आईला खोटं का सांगितलंत?"

"आईला नाही. दाराखालून तुझे पाय दिसत होते."

पावणेतीन होत आले. माझा राग गेला नव्हता. तो आजही पूर्ण गेलाय असं मी म्हणणार नाही. पण त्याच्याबरोबर दुसरंही काहीतरी आत आलं होतं. मी डोळे पुसले आणि प्रुफावरचं ते शेवटचं वाक्य खोडलं. बाजूला चिन्ह केलं: वगळा.

"त्या जागी काय लिहू?" मी विचारलं.

"त्या जागी काही नको. पुस्तक कसलं आहे?"

"चौघांना प्रत्यक्ष पाहिलं त्यांच्या आठवणींचं."

"मग मीही पाहिलंय," बाबा म्हणाले. "एकच गाणं, पण पाहिलंय. जागा आहे का कुठे?"

सोळावं पान कोरं होतं. पहिल्या फॉर्मचं शेवटचं पान; आठवणी पुढच्या फॉर्मपासून सुरू होत होत्या, म्हणून ते तसंच राहिलं होतं. मी तसं सांगितलं. ते सरळ बसले, शर्टाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावल्या, आणि सांगायला लागले. मी प्रुफाच्या पाठीवर लिहीत गेले. गाणाऱ्याच्या डोक्यावर टॉवेल होता. ऊन होतं. शेजारच्या मुलीला मी विचारलं, हेच का ते मोठं गाणं. किल्ली माझ्या बोटाला होती. ठोकल्याचा आवाज मला ऐकू आला आणि मी त्याला दाद दिली. तेवीस जण. मी एकही शब्द सुधारला नाही; दोन वाक्यांत क्रियापद नव्हतं, तेही तसंच ठेवलं.

लिहून झाल्यावर मी त्यांना सगळं वाचून दाखवलं. ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "ते दारूचं काय होतं? कोणीतरी लिहिलं असेल ना? लोक म्हणायचे तसं."

"ते काढलंय बाबा. सकाळीच."

"नुसतं काढू नकोस." त्यांनी माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे बोट केलं. "लिही, की मी प्यायलेलो नव्हतो. मी पूर्ण शुद्धीत होतो. अगदी शेवटी लिही."

"हे कशाला? ते तुमच्या बाजूचं वाटेल लोकांना."

"वाटू दे. मला माहीत आहे ते कोणत्या बाजूचं आहे."

मी लिहिलं. सव्वातीन झाले होते. अध्यक्षांना हे सगळं सांगायचं होतं, मी कोणाची मुलगी हेही, आणि प्लेटला पंधरा मिनिटं उरली होती. मी चपला घातल्या आणि पळत निघाले.